वाळवंटी शर्यतींची दोन घराणी

वाळवंटातल्या मोटार शर्यतीचा फोटो म्हटलं की दृश्य ठरलेलं असतं: टेकडीच्या माथ्यावरून चारही चाकं हवेत गेलेली गाडी आणि मागे वाळूचा लोट. फोटोग्राफर तरी काय करणार, कॅमेऱ्यात वेगच तेवढा मावतो. पण या शर्यती चालतात कशा, लोक त्यांत जातात कशाला, आणि पन्नास-साठ वर्षांत त्यांच्याभोवती एवढी मोठी दुनिया उभी कशी राहिली, हे समजून घ्यायचं तर वेग थोडा बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारावा लागतो. स्पर्धकाने शर्यतीची वाट आधी पाहिलेली असावी का?

मेक्सिकोतल्या ‘बाहा १०००’चं उत्तर असं, की खुशाल पाहा, आधी जाऊन हवी तितक्या वेळा पाहा. आफ्रिकेच्या वाळवंटात सुरू झालेल्या ‘डकार रॅली’चं उत्तर असं, की अजिबात नाही, पाहताना सापडलात तर बाद. एकच राग दोन घराण्यांत वेगळा ऐकू यावा, तशी ही दोन उत्तरं आहेत. गाड्यांची बांधणी, संघांची रचना, फसवाफसवीच्या युक्त्या, अपघातांचे प्रकार, इतकंच काय, पराक्रम कशाला म्हणायचं हेसुद्धा त्यातूनच ठरत गेलं.

आधी वाळूचं बघू

वाळूत गाडी रुतते, कारण चाकाखालच्या वीतभर जागेवर सगळा भार येतो, कण बाजूला सरकतात आणि चाक जितकं जोरात फिरेल तितका स्वतःसाठी खोल खड्डा खणतं. यावरचा उपाय अगदी साधा आहे: टायरमधली हवा कमी करायची. डांबरी रस्त्यावर ३०-३५ पीएसआय असलेला दाब १५ च्या आसपास आणला की टायर पसरतो, जमिनीला टेकलेला पट्टा लांबतो आणि तोच भार जास्त जागेवर वाटला जातो. पण सैल टायर दगडावर आपटला तर फाटतो किंवा रिमवरून निसटतो, आणि वाळवंटात तर वाळू संपून खडक कधी लागेल याचा नेम नाही. म्हणून काही मोठ्या रॅली-गाड्यांत बसल्या जागेवरून बटण दाबून हवा कमी-जास्त करता येते. मोटरसायकलवाल्यांनी हवेचा नादच सोडून दिलाय. त्यांच्या टायरमध्ये ट्यूबऐवजी ‘मूस’ नावाचं फोमचं कडं असतं. ते पंक्चर होत नाही, पण फार तापलं तर आतल्या आत वितळायला लागतं.

ही विद्या शर्यतींच्या बरीच आधीची. सित्रोएन कंपनीच्या मोहिमेने १९२२-२३ मध्ये मागे पट्टे लावलेल्या गाड्यांतून सहारा ओलांडला होता. पण साध्या चाकांच्या गाडीने वाळूसागर पार करण्याचं तंत्र बसवलं ते राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून हा गडी आणि त्याचे मित्र सुट्टी काढून, फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळूत शिरत. टायरची हवा कमी करणं, टेकडी चढताना न कचरता वेग राखणं, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी सरकवणं, या सगळ्याची पद्धतशीर घडी त्यांनी बसवली. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकी होकायंत्र भरकटतं, म्हणून बॅगनॉल्डने सूर्याच्या सावलीवर चालणारं होकायंत्र सुधारून वापरलं. पुढे वाळू वाऱ्याने कशी सरकते याच्या भौतिकशास्त्रावर त्याने १९४१ मध्ये ग्रंथच लिहिला. आज डकारच्या गाडीला लटकवलेल्या सुटसुटीत पट्ट्या दिसतात, त्या त्या लोखंडी पन्हळींच्याच वंशातल्या.

वाळूच्या टेकडीला दोन स्वभाव असतात. वारा येतो ती बाजू लांबट, चढायला सोपी आणि घट्ट. पलीकडची बाजू तीस अंशांहून जास्त उताराची आणि भुसभुशीत. अडचण ही, की माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडे काय आहे ते दिसत नाही. वेग कमी ठेवला तर माथ्याआधीच रुतणार, जास्त ठेवला तर पलीकडे हवेतून खाली कोसळणार. सूर्य डोक्यावर आला की सावल्या नाहीशा होतात आणि समोरचं सगळं सपाट पांढरं भासतं, म्हणून अनुभवी चालक भरदुपारच्या वाळूला जास्त भितात. त्याहून वाईट म्हणजे ‘फेश-फेश’: वरून टणक पापुद्रा, खाली टाल्कम पावडरसारखी धूळ. मोटरसायकलचं पुढचं चाक त्यात गेलं की रायडर हँडलवरून पुढे फेकला जातो.

बाहा: पाहून ठेवलेली वाट

बाहा कॅलिफोर्निया म्हणजे अमेरिकेच्या सीमेपासून दक्षिणेकडे सुमारे १२०० किलोमीटर उतरत गेलेलं मेक्सिकोचं चिंचोळं द्वीपकल्प. कॅक्टस, खडकाळ डोंगर, कोरड्या तलावांचे तळ, दोन्ही अंगांना समुद्र. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा पक्का महामार्ग १९७३ मध्ये पुरा झाला. त्याआधी टिहुआना ते ला पाझ हा प्रवास म्हणजे दिवसेंदिवसांचा खडखडाट.

इथली शर्यत सुरू झाली ती जाहिरातीतून. होंडाला आपली नवी २५० सीसी स्क्रॅम्बलर मोटरसायकल किती दणकट आहे हे अमेरिकी गिऱ्हाइकाला पटवायचं होतं. १९६२ मध्ये डेव्ह इकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनिअर या दोघांनी ती टिहुआनाहून ला पाझपर्यंत पळवली, साधारण दीड हजार किलोमीटर. वेळेचा पुरावा म्हणून त्यांनी निघताना आणि पोहोचल्यावर तारा केल्या. तार ऑफिसची नोंद हेच घड्याळ. इकिन्सला जवळजवळ ४० तास लागले. मग तो विक्रम मोडण्याची चढाओढ लागली. १९६७ च्या वसंतात ब्रूस मायर्सने टेड मँगल्सला बरोबर घेऊन ३५ तासांच्या आत अंतर काटलं. त्याची गाडी होती मायर्स मँक्स: फोक्सवॅगन बीटलचा सांगाडा आखूड करून त्यावर बसवलेलं फायबरग्लासचं हलकं टप. मोठ्या इंजिनांच्या देशात या बगीने सिद्ध केलं, की वाळवंटात ताकदीपेक्षा हलकेपणा आणि मागच्या चाकांवरचा भार जास्त कामाला येतो.

एकेकट्याने घड्याळाशी शर्यत लावण्यापेक्षा सगळ्यांनी एकदमच पळावं, हे एड पर्लमनला सुचलं. त्याने ‘नोरा’ ही संघटना काढली आणि १९६७ च्या ऑक्टोबरअखेर पहिली ‘मेक्सिकन १०००’ सुटली. ६८ वाहनं होती. मँक्स घेऊन विक विल्सन आणि टेड मँगल्स २७ तास ३८ मिनिटांत जिंकले. हॉलिवूडचे नट आले, १९६३ ची इंडियानापोलिस जिंकलेला पार्नेली जोन्स आला आणि १९७१ व ७२ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकून गेला. १९७३ पासून आयोजनाची सूत्रं बदलली. मिकी थॉम्पसन, म्हणजे १९६० मध्ये ताशी ४०० मैलांचा वेग ओलांडणारा पहिला अमेरिकी, त्याने ‘स्कोअर’ ही संस्था उभी केली. तेलटंचाईमुळे १९७४ ची शर्यत झालीच नाही. १९७५ पासून स्कोअरच्या झेंड्याखाली ती ‘बाहा १०००’ म्हणून चालू आहे. हजार मैल हे नावापुरतं. अंतर दरवर्षी बदलतं. कधी एन्सेनाडाहून निघून ला पाझला संपते, कधी फिरून एन्सेनाडालाच येते.

आता ते आधी पाहण्याचं. इथे मार्ग आखून, खुणा लावून जाहीर होतो आणि शर्यतीआधी काही आठवडे संघ त्यावर सराव करतात. याला प्री-रनिंग म्हणतात. कुठल्या वळणामागे दरड आहे, कुठल्या कोरड्या ओढ्यात मोठा दगड आहे, गाईगुरं कुठे आडवी येतात, हे सगळं टिपलं जातं आणि जीपीएसच्या पडद्यावर चढवलं जातं. त्यामुळे शर्यतीच्या रात्री धुळीतून जाताना सहचालक न दिसणारं वळणसुद्धा आधी सांगू शकतो. वाट माहीत असल्यावर मग काय उरतं? वेग आणि टिकाव. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, रात्र झाली म्हणून कुणी झोपायला जात नाही. सर्वांत वेगवान गाड्यांनाही बहुतेक वर्षी सोळा ते वीस तास लागतात. बाकीचे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत येत राहतात.

म्हणूनच इथे ‘ट्रॉफी ट्रक’ जन्माला आला. हा वर्ग १९९४ पासून आहे. दिसायला पिकअप, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, हजार अश्वशक्तीच्या घरातलं इंजिन आणि दोन-अडीच फूट वर-खाली होणारी चाकं. शेकडो गाड्या एकाच वाटेने गेल्या की मातीत ‘वूप्स’ तयार होतात, एकामागून एक गुडघाभर, कंबरभर उंचवटे, कधी कधी मैलच्या मैल. साधी गाडी त्यावरून चालण्याच्या वेगाने रांगते. ट्रॉफी ट्रक वरच्या वर तरंगत निघून जातो: चाकं खालीवर नाचतात, टप मात्र जवळपास सरळ रेषेत. अभियांत्रिकीचा हा नमुना माझ्या मते टेकडीवरून उडणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी पाहण्यासारखा आहे. आणि त्याच शर्यतीत, त्याच वूप्सवर, जवळपास मूळ अवस्थेतल्या जुन्या बीटल गाड्यांचाही एक वर्ग असतो. ती मंडळी जिंकायला नाही, शेवटपर्यंत पोहोचायला येतात.

चालकामागे अख्खं गाव राबत असतं. महामार्गावरून समांतर धावणाऱ्या मदतीच्या गाड्या, ठरलेल्या ठिकाणी डिझेल-पेट्रोल, टायर, वेल्डिंग घेऊन बसलेले मेकॅनिक, अर्ध्यात चालक बदलायला थांबलेली दुसरी जोडी. यातले बहुतेक जण मित्र, भाऊ, मेहुणे असे. पगार नाही, झोप नाही. डोंगरांमुळे रेडिओ पोहोचत नाही, म्हणून बॉब स्टाइनबर्गर वर्षानुवर्षं उंच डोंगरावर बसून सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे पोहोचवत असे. ‘वेदरमन’ म्हणूनच तो ओळखला जाई. एखादी गाडी उलटली तर पहिली खबर त्याच्याकडे.

याउलट एकट्याने सगळं अंतर काटणाऱ्यांचा मान निराळाच. ‘आयर्नमॅन’ इव्हान स्ट्युअर्टने एकट्याने चालवूनच नाव मिळवलं. मेरी मॅगी हिने १९७५ मध्ये बाहा ५०० ही धाकटी शर्यत मोटरसायकलवर एकटीने पूर्ण केली. तोवर हे ना कुठल्या बाईने केलं होतं, ना कुठल्या पुरुषाने.

धूळ हा बाहाचा खरा खलनायक. पुढच्या गाडीच्या धुळीत मागचा आंधळा. म्हणून मागून आधी भोंगा वाजवायचा, आणि तरी बाजू मिळाली नाही तर पुढच्याच्या बंपरला हलका धक्का द्यायचा, हा इथला मान्य शिष्टाचार आहे. दुसरा धोका माणसांचा. वाटेच्या कडेला शेकोट्या पेटवून हजारो लोक रात्र काढतात, आणि त्यातले काही जण गाडी उडताना दिसावी म्हणून वाटेत खड्डे खणतात, उंचवटे रचतात. आधी पाहिलेली वाट इथे उलटते. काल सपाट असलेल्या जागी आज खड्डा असतो, आणि चालक निर्धास्त असतो. जाणते चालक म्हणतात, ऐन माळरानात अचानक गर्दी दिसली की वेग कमी करा.

डकार: कागदावरची वाट

दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष वाट चुकलेला माणूस आहे. थिएरी साबीन हा फ्रेंच तरुण १९७७ मध्ये आबिजान ते नीस या रॅलीत मोटरसायकलवर होता. लिबियाच्या वाळवंटात तो भरकटला आणि मरता मरता वाचला. दुसरा कुणी पुन्हा वाळवंटाचं नाव काढता ना. साबीनने ठरवलं, की ही अनुभूती इतरांनाही मिळायला हवी. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसच्या त्रोकादेरो चौकातून १८२ वाहनं सेनेगलच्या डकारकडे निघाली. दहा हजार किलोमीटर, वाटेत अल्जीरिया, नायजर, माली. पोहोचली ७४. सिरिल नव्हू हा तरुण यामाहा एक्सटी ५०० वर पहिला आला. त्या वर्षी मोटरसायकली आणि मोटारी यांचा निकाल एकत्रच लावला होता, आणि पहिल्या तिघांत मोटार नव्हती. पहिल्याच वर्षी एका मोटरसायकलस्वाराचा मृत्यूही झाला.

सुरुवातीची डकार ही हौशी लोकांची जत्राच होती. मग १९८२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क सहाराच्या वाळूत सहा दिवस हरवला. अल्जीरियाच्या लष्करी विमानाला तो वाटेपासून सुमारे ५० किलोमीटर दूर सापडला. तोवर ज्यांनी या रॅलीचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं. मोठ्या कंपन्या उतरल्या: १९८४ मध्ये पोर्श जिंकली, पुढच्या वर्षी मित्सुबिशी पजेरो, मग प्यूजो. १९८८ मध्ये तर आघाडीवर असलेल्या आरी वातानेनची प्यूजो मालीच्या राजधानीत बामाकोला चोरीला गेली. खंडणीचा फोन आला, गाडी नंतर मिळाली, पण सुटायची वेळ टळून गेल्याने तो बाद झाला. पुढल्या वर्षी प्यूजोचे दोन चालक एकमेकांशी इतके ईर्षेने लढू लागले, की दोघेही गाड्या मोडून घेतील या भीतीने संघप्रमुख जाँ तोद यांनी नाणं उडवून विजेता ठरवला. नाण्याचा कौल वातानेनच्या बाजूने पडला. खेळाच्या दृष्टीने हे भलतंच, पण दहा हजार किलोमीटरच्या अनिश्चिततेला कंटाळलेल्या व्यवस्थापकाचं गणित समजण्यासारखं आहे.

साबीन हे पाहायला नव्हता. १४ जानेवारी १९८६ रोजी मालीमध्ये त्याचं हेलिकॉप्टर वाळूच्या टेकडीवर आदळलं. गायक दानिएल बालाव्हॉन यांच्यासह आतले पाचही जण गेले.

आता इथली वाट. रोजचा टप्पा कित्येक शे किलोमीटरचा, आणि तो स्पर्धकाला फक्त कागदावर भेटतो. त्याला रोडबुक म्हणतात. त्यात प्रत्येक महत्त्वाच्या जागेची एक ओळ: किती किलोमीटरवर, तिथली छोटी रेखाकृती, आणि होकायंत्राचे अंश. समजा ‘४२.३ किलोमीटर, ओढा ओलांडून मुख्य वाट सोडा, ११० अंश’. धोक्यासाठी उद्गारचिन्हं, तीन उद्गारचिन्हं म्हणजे जीव सांभाळा. मोटारीत हे वाचायला सहचालक असतो. मोटरसायकलस्वाराला ताशी शंभरच्या पुढे उभं राहून चालवत, हँडलवरची कागदाची गुंडाळी अंगठ्याने पुढे सरकवत, अंतर आणि अंश जुळवत जावं लागतं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. आता कागदाची जागा टॅब्लेटने घेतली आहे, पण मेंदूची कसरत तीच.

मग जीपीएस कशाला असतो? तो फसवणूक पकडायला. वाटेवर अदृश्य ठाणी असतात, त्यांना वेपॉइंट म्हणतात. स्पर्धक त्याच्या ठरावीक अंतरात, काही शे मीटरमध्ये, आला तरच यंत्रावरचा बाण जागा होतो. तोवर पडदा मुका. ठाणं चुकलं तर दंडाची मिनिटं. त्यामुळे नुसतं मुक्कामाला पोहोचून भागत नाही, सांगितलेल्या वाटेनेच पोहोचावं लागतं.

पैसेवाल्यांनी यावरही तोड काढली. रोडबुक आदल्या संध्याकाळी मिळायचं, तेव्हा मोठ्या संघांची खास माणसं रात्रभर उपग्रह-चित्रांशी ते जुळवून बघत आणि रायडरला तयार टिपणं देत. आधी न पाहिलेली वाट अशी मागच्या दाराने पाहून घेतली जाई. २०२० पासून आयोजकांनी काही टप्प्यांचं रोडबुक सुटण्याआधी जेमतेम काही मिनिटं द्यायला सुरुवात केली, रंगांत छापून, म्हणजे त्यावर हाताने रंगीत खुणा करत बसण्याची गरजच उरली नाही. स्वतःच्या पैशाने येणाऱ्या गरीब रायडरला यात पहिल्यांदा थोडी बरोबरी मिळाली, आणि वर झोपही.

यातून एक गमतीशीर तिढा निघतो. आज जो जिंकतो तो उद्या सगळ्यांत आधी सुटतो. त्याच्यापुढे चाकोरी नसते, शोधत जावं लागतं. मागच्यांना त्याचे ठसे मिळतात. तो चुकला तर त्याच्या चुकीचंही मार्गदर्शन होतं. म्हणून शहाणे रायडर कधी कधी टप्प्याच्या शेवटी मुद्दाम वेळ काढत, आज हरत, म्हणजे उद्या मागून निघता येईल. हे थांबवण्यासाठी आता वाट उघडून देणाऱ्या मोटरसायकलस्वारांना वेळेची सूट बक्षीस मिळते.

रात्रीचं गाव

बाहा रात्रभर पळते, डकार रात्री मुक्काम करते. मुक्कामाच्या तळाला बिव्हाक म्हणतात: तंबू, जनरेटर, वेल्डिंगच्या ठिणग्या, स्वयंपाकघर, दवाखाना, आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे उभं राहणारं हेच सगळं. एका टोकाला कंपन्यांचे वातानुकूलित ट्रक, दुसऱ्या टोकाला ‘माल मोतो’वाले. या रायडरांना मेकॅनिक ठेवायची परवानगी नसते. आयोजक त्यांची एक पत्र्याची पेटी, एक तंबू आणि चाकांची जोडी तेवढी पुढच्या तळावर नेतात. दिवसभर मोटरसायकल चालवून आल्यावर तेल बदलणं, टायर चढवणं, साखळी ताणणं हे सगळं स्वतःच करायचं आणि उरल्या वेळात झोपायचं. बिव्हाकवर कंपन्यांचे रायडरसुद्धा यांच्याशी अदबीने बोलतात, आणि ते रास्तच आहे.

काही टप्पे मुद्दाम बिनमदतीचे असतात. २०२४ मध्ये सौदी अरेबियाच्या ‘रिकामा चतुर्थांश’ (एम्प्टी क्वार्टर) या वाळवंटात ४८ तासांचा टप्पा झाला: दुपारी चार वाजले की जो तळ पुढे लागेल तिथे थांबायचं, तंबू ठोकायचा, पुड्यातलं अन्न खायचं, बाकीचे कुठवर गेले याची खबर नाही.

आणि एक नियम मला या सगळ्या यंत्रपसाऱ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कुणी पडला असेल तर मागून येणाऱ्याने थांबायचं; थांबलेला वेळ त्याला परत मिळतो. २०१६ मध्ये मांडीचं हाड मोडून पडलेल्या माथियास वाल्कनरजवळ पाउलो गोन्साल्वेस हा पोर्तुगीज रायडर थांबून राहिला होता. चार वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, हीरो या भारतीय संघाकडून धावताना गोन्साल्वेसचा अपघाती मृत्यू झाला. त्याच्याजवळ पहिला थांबला तो टोबी प्राइस, दोनदा डकार जिंकलेला ऑस्ट्रेलियन.

वाळवंट रिकामं नसतं

या शर्यतींच्या जाहिरातीत वाळवंट निर्मनुष्य असतं. प्रत्यक्षात तिथे गावं असतात, विहिरी असतात, कळप असतात, रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली पोरं असतात. डकारने आजवर सत्तरहून अधिक जीव घेतलेत, आणि त्यात प्रेक्षक आणि वाटेवरचे गावकरीही आहेत, मुलंही आहेत. फ्रान्समध्ये यावर सुरुवातीपासून टीका होत आली: गरीब देशांच्या अंगणातून श्रीमंतांची खेळणी धूळ उडवत जातात. टीका खोटी नाही. आता गावांतून वेगमर्यादा असते, ती मोडली की दंड. मोटरसायकलस्वारांना हवेची पिशवी असलेलं जाकीट सक्तीचं. मागून गाडी येतेय हे सांगणारं यंत्र प्रत्येकाकडे. मरण कमी झालं, थांबलं नाही.

आफ्रिका डकारच्या हातून गेली ती मात्र सुरक्षेच्या दुसऱ्या प्रश्नावरून. १९९९ मध्ये मॉरिटानियात सशस्त्र टोळीने स्पर्धकांना लुटलं. २००० मध्ये हल्ल्याच्या धमकीमुळे नायजरहून अख्खी रॅली, गाड्या-माणसांसकट, अँतोनोव मालवाहू विमानांत भरून लिबियात उतरवावी लागली. २००७ च्या डिसेंबरात मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली आणि ४ जानेवारी २००८ रोजी, लिस्बनहून निघायच्या आदल्या दिवशी, रॅली रद्द झाली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली. तिथे चिलीत प्राचीन अवशेषांची नासधूस होते म्हणून पुरातत्त्वज्ञ भांडले. २०२० पासून ती सौदी अरेबियात आहे, आणि मानवी हक्कांवरून होणारी टीका तिच्या मागोमाग आली. नाव अजून डकारच. जुन्या वाटेची ओढ असलेल्यांसाठी २००९ पासून ‘आफ्रिका इको रेस’ खरोखरच्या डकारला जाते.

या दोन घराण्यांबाहेरही घरं आहेत. ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्स ते फिन्के आणि परत, ही दोन दिवसांची शर्यत १९७६ पासून चालू आहे; सुरुवात स्थानिक मोटरसायकलवाल्यांच्या पैजेतून. आणि मोरोक्कोत १९९० पासून फक्त स्त्रियांची ‘रॅली देज गझेल’ होते. तिथे जीपीएस नाही, फोन नाही, फक्त होकायंत्र आणि जुने नकाशे, आणि जिंकते ती सर्वांत कमी किलोमीटर चालून सगळी ठाणी गाठणारी जोडी. वेगाला गुणच नाहीत. वाट शोधण्याचा खेळ इतक्या निव्वळ रूपात दुसरीकडे बघायला मिळत नाही.

एका घराण्याचा माणूस दुसऱ्यात गेला तर? कॅलिफोर्नियाचा रिकी ब्रेबेक बाहाच्या वेगवान मातीत तयार झाला. डकारमध्ये आल्यावर वेग त्याच्याकडे होताच, वाचायला शिकावं लागलं. २०२० मध्ये तो डकार जिंकणारा पहिला अमेरिकी ठरला आणि केटीएमची लागोपाठ १८ विजयांची मालिका तुटली. २०२४ मध्ये तो पुन्हा जिंकला, तेव्हा दुसरा आला होता बोत्स्वानाचा रॉस ब्रँच, हीरोच्या मोटरसायकलवर.

डकार जानेवारीत असते, बाहा १००० साधारण नोव्हेंबरात. निकाल चाळताना बाहाचा आकडा सरळ वाचावा: कोण किती तासांत आला. डकारचा मात्र त्या दिवशीच्या विजेत्याच्या नावावर थांबू नये. रात्री उशिरापर्यंत चुकलेल्या ठाण्यांचे आणि वेगमर्यादेचे दंड चढत असतात, थांबून मदत केलेल्यांचा वेळ परत होत असतो, आणि एकूण वेळेचा तक्ता वेगळंच काही सांगत असतो. २०२४ मध्ये मोटारींच्या गटात ६१ वर्षांचा कार्लोस साइन्झ चौथ्यांदा जिंकला. त्या वर्षीचा एकही टप्पा त्याने जिंकला नव्हता.